राहा म्हणालात म्हणून राहिलो

समता कॉलनी, रायपूर
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चित्राताई,

नमस्कार. फोनवर तुमच्या कानाचं यंत्र शिट्टी मारतं आणि अर्धं ऐकून तुम्ही पुरतं समजता, म्हणून नेहमीसारखं पत्रच लिहिते. या खेपेला मात्र बसून वाचा.

तुमच्या दादांनी घरात परकी माणसं आणायचं ठरवलंय. मोबाइलवर एक मंडळ आहे म्हणे. सायकलवरून देश फिरणाऱ्या लोकांना वाटेतल्या माणसांनी आपल्या घरी उतरवून घ्यायचं, तेही फुकट. त्या मंडळात ह्यांनी आपलं नाव, पत्ता आणि वरच्या खोलीचा फोटो टाकला आणि सगळं झाल्यावर मला सांगितलं. मी म्हटलं, "ओळख ना पाळख, चोर निघाले तर?" तर म्हणतात, "अवं, सायकलवाला चोरून चोरून काय नेईन? फ्रीज कॅरेजवर बांधीन का?"

खरं सांगायचं तर मी फार भांडले नाही. राधिका लग्न होऊन बंगलोरला गेल्याला चार वर्षं झाली. वरची खोली रिकामी, आणि खाली आम्ही दोघं. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे गोळी घेतली का आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. कुणी आलं तर घरात आवाज तरी होईल.

तर या गुरुवारी पहिले पाहुणे येणार. यान आणि मारिके, नवरा-बायको, नेदरलँडचे. कोलकात्याहून निघालेत, गोव्याला जायचंय. फक्त दोन रात्री राहणार. तुमच्या दादांच्या अंगात रेल्वे पुन्हा संचारली आहे. छत्तीस वर्षं कंट्रोल ऑफिसात काढलेला माणूस तो! वरच्या दारावर तक्ता चिकटवलाय: पाहुण्याचे नाव, आगमन, प्रस्थान, शेरा. माझी कामवाली पूर्णिमा बीरगांवहून बसने येते, तिला दोन दिवस लवकर यायला सांगितलंय. तिने "हव दीदी" म्हटलं आणि लगेच विचारलं, गोरी माणसं भात खातात का? मलाही तेच कळत नाही. काय करू जेवायला? तुम्ही परागच्या साहेबांना जेवू घातलं होतंत, तुम्हाला अनुभव आहे.

पराग, सूनबाई, नात मजेत असतीलच. तुम्हीही कधीही या राहायला. घर तुमचंच आहे.

विमला

———

अमरावती
सोमवार, ९ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की सूनबाई पाणी घेऊन धावली. दादा आणि पाहुणे! लहानपणी आमच्याकडे कुणी मुक्कामाला आलं की हा गच्चीवर जाऊन बसायचा आणि ते गेल्याची खात्री झाल्यावरच उतरायचा.

परागचे साहेब पुण्याचे होते, त्यांचा अनुभव तुला काय कामाचा? एवढंच सांगते, ब्रेड-बटरच्या भानगडीत पडू नकोस. हजार कोस सायकल मारून आलेल्या माणसाला भूक लागलेली असते. वरण, भात, तूप, पोळी, झुणका कर. तिखट निम्मं टाक, बाकी काही बदलू नकोस. हे पत्र पोचेपर्यंत ते येऊन गेलेले असतील, तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

इकडची बातमी. परागला सिंगापूरची नोकरी लागली. फेब्रुवारीत तिघंही जातील. मला तिकडे कायमचं नेता येत नाही, कागदपत्रांचं काहीतरी आहे. आणि चोविसाव्या मजल्यावर बसून मी तरी काय करणार? हा फ्लॅट भाड्याचा, तो सोडायचा. पराग भला मुलगा आहे, आईला असं सोडून जाणाऱ्यांतला नाही. त्याने बडनेरा रोडवर 'सांजवारा' म्हणून ज्येष्ठांचा निवास बघून ठेवलाय. चांगला आहे म्हणतात. पंधरा जानेवारीपर्यंत त्यांना हो किंवा नाही कळवायचं आहे. जाईन म्हणते. तुझ्या मनात काही वेगळं असेल तर सांग.

पाहुण्यांचं सविस्तर लिही. तुमच्याकडे येईन कधीतरी.

चित्रा

———

रायपूर
शुक्रवार, १३ डिसेंबर

चित्राताई,

पाहुणे अजून गेलेले नाहीत.

आधी जेवणाचं सांगते, मग राहण्याचं कळेल. गुरुवारी संध्याकाळी दोघं आली. उंच, लालबुंद, अंगभर धूळ. पण आल्याआल्या वाकून नमस्कार केला. तिसऱ्यांदा भारतात आलीत, मोडकंतोडकं हिंदी बोलतात. मी पानं वाढली. यानचं ताट रिकामं झालं, मी पोळी वाढली. त्याने ती खाल्ली. पुन्हा रिकामं, पुन्हा मी वाढली. तो एकदा हलकेच "नहीं आंटी" म्हणाला, पण एकदा नको म्हणणं म्हणजे काय नको म्हणणं झालं का? आपल्यात माणूस ताटावर आडवा हात धरतो, उठायला लागतो, तेव्हा कुठे आपण थांबतो. हा गप्प खात राहिला. चौदा पोळ्या झाल्या. शेवटच्या दोन त्याने डोळे मिटून खाल्ल्या. मी तुमच्या दादांना म्हटलं, बघा, किती आवडलंय!

दुसऱ्या दिवशी मारिकेने समजावलं. त्यांच्याकडे ताटात अन्न टाकणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान. आणि मला लहानपणापासून शिकवलंय की पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे घराची अब्रू गेली. त्याने संपवायचं, मी वाढायचं, त्याने संपवायचं. पोळ्याच संपल्या म्हणून बिचारा वाचला.

आता राहण्याचं. शनिवारी सकाळी दोघं पिशव्या बांधून खाली आली. मी आपलं म्हटलं, "हे काय, एवढ्यात? आजचा दिवस राहा. उद्या पुरण घालते." कुणालाही म्हणतो तसं. आपला माणूस हसला असता, "नाही हो, पुढच्या वेळी" म्हणाला असता, मी हातावर दही घातलं असतं आणि सगळं रीतसर झालं असतं. या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, त्यांच्या भाषेत दोन मिनिटं बोलले आणि पिशव्या उचलून वर गेले!

सोमवारी पुन्हा निघाले. मी तोंड आवळून उभी होते, तर तुमचे दादाच म्हणाले, "अरे इतनी क्या जल्दी है?" झालं. बुधवारी शेजारचे गंगाधर भाऊ विरजण मागायला आले होते. ते रोज विरजण मागायला येतात, पाहुणे बघायला. ते म्हणाले, "ठंड में कहां जाओगे, रुको." गेले वर.

तक्त्यातला प्रस्थानाचा रकाना रिकामा आहे आणि तो बघून तुमच्या दादांना अस्वस्थ वाटतं. मी म्हटलं, विचारा ना कधी जाणार. तर माझ्याच अंगावर आले, "विमले, पाहुण्याले कवा जाता म्हणून कोणी इचारते का? आपल्या घरात अशी रीत हाये का?" पूर्णिमा मात्र ही माणसं जाणार कधी म्हणून रोज भांडी आपटत विचारते, "दीदी, एमन कब जाही?" आणि मी म्हणते, हळू बोल, त्यांना हिंदी कळतं.

वाईट आहेत म्हणावं तर तसंही नाही. यानने न्हाणीघराचा नळ दुरुस्त केला आणि तुमच्या दादांची जुनी सायकल माळ्यावरून काढून चालू केली. काल दोघं सायकलने नवा रायपूरला गेले. रस्ते रुंद, मोकळे, म्हणून त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला जोर चढला. जाताना गेले. येताना पाय उचलेनात, बस काही येईना, शेवटी सामानाच्या ऑटोत सायकलीशेजारी बसून घरी आले. चेहरा असा की जणू गड जिंकला.

तुमच्या सांजवाऱ्याचं वाचून बरं वाटलं. समवयस्क बायका, मोकळी हवा, तुमचे दिवस छान जातील. तिथे टीव्ही आहे का? पराग सिंगापूरला जातोय, केवढी आनंदाची गोष्ट!

आता सांगा, या दोघांना घालवू कसं? आणि हो, तुम्हीही या कधीही. घर तुमचंच आहे.

विमला

———

अमरावती
बुधवार, १८ डिसेंबर

वहिनी,

घालवायचं कसं विचारतेस? राहा म्हणू नकोस. जाऊ लागले की तोंडात लवंग धर. यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

टीव्ही आहे. मी परवा सांजवारा बघून आले. बाग आहे, बागेत बाकं आहेत, बाकांवर बायका आहेत. सगळ्या एका दिशेला तोंड करून बसतात, फाटकाकडे. मी विचारलं, कुणी यायचंय का? तर म्हणाल्या, नाही, इथून जरा ऊन चांगलं लागतं. खोलीतली सोबतीण बोलकी आहे, पण माझं यंत्र आणि तिचा रेडिओ यांचं जमेल असं वाटत नाही. व्यवस्थापक सुशील नावाचा तरुण आहे, फार नम्र. त्याने अर्ज भरून घेतला. त्यात 'पालकाचे नाव व पत्ता' असा रकाना आहे. अडुसष्टाव्या वर्षी पालक! परागचा पत्ता चालत नाही म्हणाला, भारतातला हवा. मी दादाचं नाव घातलं. चालेल ना? आजारी पडले तर ते लोक कळवतील, एवढंच. तुम्हाला त्रास व्हायचा नाही.

अर्ज भरला आहे, सही केलेली नाही. पंधरा जानेवारी म्हटलं तर लांब आहे आणि म्हटलं तर नाही.

दादाला पाय शेकायला सांग.

चित्रा

———

रायपूर
शुक्रवार, २७ डिसेंबर

चित्राताई,

गेले! मंगळवारी सकाळी गेले. दोन रात्रींचे पाहुणे एकोणीस दिवस राहिले. कसे गेले ते ऐका.

तुमचा लवंगेचा उपाय केला. सोमवारी दोघं पिशव्या घेऊन खाली आली. मी तोंडात लवंग धरली. तुमच्या दादांना आधीच विरजण पोचवायला गंगाधर भाऊंकडे पिटाळलं होतं. यान दारात उभा राहिला. मी उभी राहिले. तो माझ्याकडे बघतोय, मी भिंतीकडे. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग त्याने काळजीने विचारलं, "आंटी, आज आप 'रुको' नहीं बोला. तबीयत ठीक है?"

मला हसू आवरेना. लवंग घशात गेली, ठसका लागला, मारिकेने पाठ चोळली, पाणी दिलं, आणि त्या गडबडीत ती दोघं पिशव्या ठेवून खाली बसली! आज आंटीची तब्येत बरी नाही म्हणून जायचं नाही असं ठरलं.

मग मात्र मी मारिकेला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. आम्ही राहा म्हणतो ते म्हणायचं असतं म्हणून म्हणतो. तुम्ही नाही म्हणायचं असतं. ती ऐकतच राहिली. तिने सांगितलं की दोघांना नाताळाला गोव्यात मित्रांकडे पोचायचं होतं. मी इतकं मनापासून राहा म्हणते, तर नाही म्हणून मला दुखवायचं कसं, म्हणून त्यांनी गोवाच रद्द केलं. आणि त्यांना वाटलं, म्हातारी दोघंच आहेत, आपण गेलो तर रडतील. मग तिने विचारलं, "आप नहीं चाहता था, तो बोला क्यों?"

चित्राताई, चिडून नव्हतं विचारलं. खरंच समजून घ्यायला विचारलं. आपण का म्हणतो हो?

मंगळवारी दही घालून त्यांना निरोप दिला. गल्लीच्या वळणावर दोघांनी हात केला, आणि त्यांनी सांगितलं होतं तेच झालं, मी रडले. तुमच्या दादांनी प्रस्थानाचा रकाना भरला आणि शेऱ्याच्या रकान्यात 'उशीर: एकोणीस दिवसांपैकी सतरा' असं लिहिलं. यानने मंडळाच्या पानावर लिहिलंय म्हणे की रायपूरच्या या घरातून सुटणं अवघड आहे. ते वाचून आणखी सहा जणांनी येऊ का म्हणून विचारलंय.

अर्जात दादांचं नाव घातलंत ते बरं केलंत, त्रास कसला त्यात. घाई आहे, पूर्णिमा खोळंबली आहे.

कधीही या. घर तुमचंच आहे.

विमला

———

अमरावती
गुरुवार, २ जानेवारी २०२५

वहिनी,

तुझ्या पत्राच्या शेवटी पुन्हा तेच आहे. कधीही या, घर तुमचंच आहे. परागचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून प्रत्येक पत्रात तू ते लिहितेस आणि मी लिहिते, येईन कधीतरी. तू वाढतेस, मी ताटावर हात धरते. रीतसर चाललंय आपलं.

मारिकेने तुला जे विचारलं ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. आज करते.

मला रायपूरला यायचंय. चार दिवसांसाठी नाही, राहायला. सांजवारा वाईट नाही, पण तिथे फाटकाकडे तोंड करून बसायची मला भीती वाटते. ही गोष्ट मी दोन पत्रांत सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा सांजवाऱ्याचंच वर्णन केलं. तुला कळलं नाही याचा मला राग आला, पण न सांगता कळावं अशी अपेक्षा ठेवणारी मीच.

पराग सांभाळत नाही असं कुणी म्हणू नये, हीही एक गोष्ट होती. लोक म्हणतीलच, मुलगा असताना भावाच्या दारात आली. म्हणू देत.

आता तुझी बाजू. माझं यंत्र शिट्टी मारतं. मी पहाटे उठून भांडी वाजवते. मला दुसऱ्याच्या स्वयंपाकात हात घालायची खोड आहे. तेव्हा विचार करून सांग. नाही म्हणालीस तर रागावणार नाही असं लिहिणार होते, पण थोडी रागावेन. तरी सांजवाऱ्याला सही करीन आणि तुला पत्रं लिहीत राहीन, ते काही बंद होणार नाही.

दादाला इतक्यात सांगू नकोस. तो भाऊ आहे, हो म्हणून मोकळा होईल. घर तू चालवतेस. हो असेल तर तुझं हवं, आणि म्हणायचं म्हणून म्हटलेलं नको.

चित्रा

———

रायपूर
सोमवार, ६ जानेवारी

चित्राताई,

या.

हे आधी लिहिलं, आता बाकीचं लिहिते. तुमचं पत्र दुपारी आलं. मी ते ओट्याशी उभ्याने वाचलं. मला लाज वाटली. तुम्ही सांजवाऱ्याचं लिहिलंत तेव्हाच मला बोचलं होतं, आणि ते बोचणं बाजूला सारून मी तुम्हाला टीव्ही आहे का असं विचारलं. तुमची पत्रं तुमच्या दादांना वाचून दाखवताना मी तो भाग दरवेळी गाळला. म्हटलं, ऐकलं तर हा माणूस आज अमरावतीला जाऊन परागशी भांडेल. तो बिचारा काही चुकला नाही. आणि मुलगा असताना नणंदेला कायमचं या म्हणणं म्हणजे तो वाईट असं सांगणं, हे मीही धरूनच बसले होते.

तुम्ही विचार करून सांग म्हणालात, म्हणून केला. खोटं नाही सांगत, मलाही भीती आहे. तुम्ही माझ्या वरणात गूळ घालाल. मी काढून ठेवलेलं तुम्ही झाकून ठेवाल. आपण भांडू. पण पाहुणे गेल्यापासून हे घर इतकं गप्प आहे की भांडायला कुणी असेल तर मला चालेल. एवढा विचार तुमच्या दादांना न सांगता केला. हो ठरवलं. त्यानंतर पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "हे पोट्टी मले पहिलेच काहून नाही बोलली?" आणि उठून बाहेर गेले. गंगाधर भाऊंच्या पायरीवर बराच वेळ बसून होते. आले ते शुक्रवारचं तिकीट काढूनच. तुम्हाला न्यायला येताहेत. कदाचित पत्राआधी तेच पोचतील, तर दार उघडताना घाबरू नका. सुशीलला नम्रपणे नाही म्हणून कळवा. परागशी मी स्वतः बोलले. तो फोनवर म्हणाला, "मामी, मला विचारायची हिंमत नव्हती." म्हणजे सगळेच आपण एका माळेचे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. वरची खोली तुम्हाला मिळणार नाही. ती पाहुण्यांची आहे. तुमची खाट खाली लावली आहे, माझ्या देवघराच्या शेजारी, जिथे पहाटे वाजणारं प्रत्येक भांडं मला ऐकू येईल. पूर्णिमा गाद्या उन्हात घालून गेली.

आणि वीस तारखेला केरळहून दोन पोरी सायकलवर येताहेत. तीन रात्री म्हणाल्यात. त्यांना तुम्ही वाढायचं आहे. आपल्या घरी कुणी आलं तर दोघींनी मिळून करायला हवं, मी एकटी आता किती करू?

विमला